दादानं बसवलेली फरशी

भूममधलं आमचं घर घेतलं तेव्हा त्यात दोन खोल्या होत्या, वर पत्रे होते आणि नहाणी अंगणात होती. मी अंगणवाडी सेविका, आमचे हे एका शाळेत कारकून. दोघांच्या कमाईत घर झालं हेच खूप, असं म्हणत आम्ही बारा वर्षं त्याला हात लावला नाही. मुलगी दहावीला गेली आणि एक दिवस म्हणाली, "आई, मैत्रिणी अभ्यासाला येऊ का म्हणतात, पण मी नाही म्हणते." का, ते तिनं सांगितलं नाही. अंगणातल्या नहाणीचं दार पोत्याचं होतं, ते मला दिसत होतंच.

मग ठरलं. नहाणी आणि संडास घरात घ्यायचा, स्वयंपाकाला उभ्यानं करता येईल असा ओटा बांधायचा आणि खालच्या उखडलेल्या शहाबादी फरशीच्या जागी टाइल्स बसवायच्या. एका ठेकेदाराला बोलावलं. तो टेप घेऊन दोन्ही खोल्यांतून फिरला, "हे सगळं फोडावं लागतंय," असं तीन वेळा म्हणाला आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. ह्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझा भाऊ गवंडी आहे ना?"

दादा जवळच्याच ईट गावाला राहतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचे वडील मेंढरं राखायचे, वर्षातले आठ महिने कळपामागं. दादा चौदा-पंधरा वर्षांचा असताना कळप सोडून एका गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून गेला आणि त्यातच राहिला. वाशी, भूम, परांडा, सगळीकडं त्यानं बांधलेल्या भिंती आहेत. लहानपणी मला त्याच्याबरोबर बाजारला गेलं की मजा वाटायची. चालता चालता तो एखाद्या दुकानाच्या भिंतीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "ही आपली."

मी फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्यानं एवढंच विचारलं, "कधी येऊ?"

"मजुरीचं काय ते सांग दादा," मी म्हणाले.

"येडी का काय तू? भैनीच्या घरी मजुरी घेऊ व्हय म्या?"

मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपलेपणाचा मान राखला, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

पहिल्या दिवशी तो सकाळच्या पहिल्या एसटीनं आला, पुढं रोज तसाच येऊन संध्याकाळी परत जायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत थापी, ओळंबा, लेव्हलपट्टी, दोरी. चहा घ्यायच्या आधी तो घरभर फिरला, प्रत्येक भिंतीवरून तळवा फिरवत, कोपऱ्यात बोटं घालून बघत. गवंड्याची बघायची रीतच ती, असं मला वाटलं.

"ठेकेदार काय म्हणला?"

"सगळं फोडायचं म्हणाला. फरशी, मधली भिंत, सगळं."

"त्याचं काय जातंय? फोडायची मजुरी, उचलायची मजुरी, परत टाकायची मजुरी. काय बांधायचं ते मागनं बघू. आदी काय फोडायचं न्हाय ते ठरव."

त्या एका वाक्यावर आमचं निम्मं काम झालं. मधली भिंत त्यानं तशीच ठेवली, फक्त तिच्यात दार काढलं. शहाबादी फरश्या फोडल्या नाहीत. पहारीनं अलगद उचलून, घासून, त्यातल्या चांगल्या सहा त्यानं ओट्याला वापरल्या. उरलेल्या अंगणात धुण्यासाठी अंथरल्या. दार काढताना निघालेल्या विटा मी संध्याकाळी बसून साफ करायचे, त्या नहाणीच्या भिंतीला गेल्या. तुकडे आणि माती भरावाला. बाजारपेठेत एक जुनं दुकान पाडत होते, तिथून तो एक लोखंडी खिडकी आणि सागवानी दाराची चौकट घेऊन आला. चौकटीला खाली वाळवी लागली होती, तेवढं त्यानं कापून टाकलं. "माणूस वरनं दिसतंय, खालनं बघतंय कोण?" म्हणाला आणि हसला. टाइल्सच्या दुकानात उरलेसुरले खोके कोपऱ्यात पडलेले असतात, ते कमी भावात मिळतात, हे मला त्यानंच शिकवलं. दोन रंगांच्या मिळाल्या. एक रंग बाहेरच्या खोलीला, दुसरा स्वयंपाकघराला.

बिगारी लावायचा नाही असंही ठरलं. बिगारी मीच. दुपारी अंगणवाडी सुटली की मी जुनं पातळ नेसून घमेलं उचलायचे. वाळू चाळायचे, माल कालवायचे, सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारायचे.

"घट्ट झालाय माल. पाणी घाल जरा," तो ओरडायचा.

"मग सकाळी पातळ झाला म्हणत होतास!"

"सकाळचा गिलाव्याचा हुता, बाई. आता बांधकामाचा हाय. अंगणवाडीत काय शिकीवतीस पोरांला?"

लग्नानंतर आम्ही बहीण-भाऊ इतके दिवस एकत्र कधी राहिलोच नव्हतो. दिवाळीला एक दिवस, कुणाच्या लग्नात दोन दिवस, एवढंच. दुपारी भाकरी, पिठलं आणि ठेचा घेऊन आम्ही विटांच्या ढिगावर बसायचो. तो मला आईच्या गोष्टी सांगायचा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, मला तिचा चेहरा नीट आठवत नाही. तो सांगायचा, आई भांडायची कशी, हसताना तोंडावर पदर कसा घ्यायची, मला पाठीला बांधून मेंढरांना पाणी कशी पाजायची. त्या महिन्यात मला माझी आई थोडी मिळाली. ती मला दादानं दिली.

आणि त्याच महिन्यात मला काही गोष्टी दिसत होत्या.

मधल्या भिंतीत काढलेल्या दाराची चौकट त्यानंच बसवली होती, आणि तिलाच तो खांदा धडकवायचा. एकदा नाही, रोज. मी बशीत चहा ओतून पुढं केला की त्याचा हात बशीच्या अलीकडं यायचा, मग चाचपत कडेला लागायचा. लेव्हलपट्टी भिंतीला लावून तो मला हाक मारायचा, "बुडबुडा मधी हाय का बघ गं." मी बघून सांगायचे. मला वाटायचं, मला शिकवतोय, कामात घेतोय. मला त्याचा अभिमानच वाटायचा. ऊन कलायच्या आत तो थापी धुवून ठेवायला लागला. "गाडी निघून जाईल," म्हणायचा. गाडीला दीड तास असायचा.

एकदा मी म्हणाले, "दादा, डोळ्याला काही त्रास आहे का तुझ्या?"

"सिमिटाचा धुरळा. जन्मभर खाल्लाय डोळ्यांनी."

मी घमेलं उचललं. खरं सांगायचं तर मला पुढचं ऐकायचं नव्हतं. फरशी अर्धी झाली होती.

त्याच आठवड्यात आमच्या अंगणवाडीशेजारी डोळे तपासणीचं शिबिर लागलं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करायचं काम माझ्याकडं होतं. मी घरोघरी जाऊन सांगत होते, अहो या, फुकट आहे, डोळ्याची हयगय करू नका. सासवांना समजावलं, सुनांना दम दिला. घरी येऊन ती यादी मी ओट्यावर ठेवली. दादा भाकरी खात होता.

"कसला कागद हाय?"

मी सांगितलं. तो थोडा वेळ भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "म्या बी येऊ का गं उद्या दाखवायला?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा काढली होती. नळाचं काम करणारा येणार होता, पाइप टाकून झाले की लगेच नहाणीची फरशी बसवायची होती. तो माणूस पुन्हा आठ दिवस मिळणार नव्हता. मी हे सगळं एका क्षणात मनात मांडलं.

"एवढी नहाणी उरकू दे दादा," मी म्हणाले. "मग मीच तुला बार्शीला नेते चांगल्या डॉक्टरकडं. शिबिरात काय, घाईघाईत बघतात."

"बरं," तो म्हणाला.

त्या शिबिरात माझ्या यादीतली सगळी माणसं तपासून झाली. दादा तिथून हाकेच्या अंतरावर, माझ्या नहाणीत, गुडघ्यावर बसून फरशी लावत होता.

चार दिवसांनी आम्ही नहाणीत पहिल्यांदा पाणी सोडलं. मुलगी, हे, मी, सगळे दारात उभे. दादा आत, बादली घेऊन. त्यानं पाणी ओतलं. ते मोरीच्या जाळीकडं जायच्या ऐवजी दाराकडं आलं, उंबऱ्याला थडकलं आणि ओलांडून आमच्या पायांवर आलं. ढाळ उलटा झाला होता. मग उजेडात बाकीचंही दिसलं. जाळीजवळच्या दोन टाइल्स वर आलेल्या, भिंतीकडची रेघ बोटभर सरकलेली. स्वयंपाकघरात जाऊन मी पाहिलं, तिथंही एक रांग तिरकी गेली होती. इतके दिवस मी तिच्यावरून चालत होते आणि मला दिसलं नव्हतं, किंवा मी पाहिलं नव्हतं.

हे पाय झटकून वळले. चप्पल घालून बाहेर गेले. ते न बोलणं मला झोंबलं. माहेरचा माणूस होता, आणि नवऱ्यापुढं माझी मान खाली गेली होती. मी दादाकडं वळले आणि म्हणाले, "दादा, मजुरी दिली असती तर नीट केलं असतंस का?"

मुलगी म्हणाली, "आई!"

दादा बादली हातात घेऊन तसाच उभा होता. माझ्याकडं बघत होता, पण नीट माझ्याकडं नाही, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. म्हणाला, "न्हाय गं. मजुरी दिली असती तरी एवढंच झालं असतं."

त्यानं थापी धुतली. पिशवी भरली. मी आत जाऊन भांडी आपटत होते. बाहेर आले तेव्हा तो गेला होता. मुलगी त्याला स्टँडवर सोडायला गेली होती. ती परत आली आणि मला म्हणाली, "मामांनी मला गाडीची पाटी वाचायला लावली. मी म्हटलं, मामा, समोर तर आहे." ती रडत होती. मला तिचाही राग आला.

पंधरा दिवस मी फोन केला नाही. नहाणीची फरशी दुसऱ्या गवंड्यानं काढून परत बसवली. दादामुळं जे वाचलं होतं त्यातलं बरंचसं त्यात गेलं. त्या गवंड्यानं फरशी फोडताना भिंतीवर हात ठोकून विचारलं, "हे कुणी केलंय? भिंत लई सरळ हाय. फरशी मातर दुसऱ्याची दिसती." भिंत बांधताना बुडबुडा मी बघितला होता.

मग वहिनीचा फोन आला. वहिनी जास्त बोलणारी बाई नाही. म्हणाली, "ताई, ह्यांना बार्शीला नेलं हुतं. काचबिंदू म्हणले."

"मोतीबिंदू का वहिनी? ऑपरेशन होतं त्याचं, काही काळजी करू नका."

"न्हाय ताई. मी बी तसंच म्हणले. मोती न्हाय, काच. डाव्या डोळ्यातलं गेलंय समदं. उजव्यात जरासं ऱ्हायलंय, नळीतनं बघावं एवढं. गेलेलं माघारी येत न्हाय म्हणले."

मी तिथंच ओट्याला धरून उभी राहिले.

वहिनी सांगत गेली आणि मी ऐकत गेले. वर्ष झालं होतं त्याला कुणी कामावर घेत नव्हतं. एका बांधकामावर भिंत कलली, दुसऱ्या ठिकाणी फरशी उखडावी लागली, मग नाव झालं. तो रोज सकाळी पिशवी घेऊन स्टँडवर जायचा आणि दुपारी घरी यायचा. घर वहिनीच्या खुरपणीवर चाललं होतं. "तुमचा फोन आला त्या दिवशी लई खूष हुते," वहिनी म्हणाली. "भैनीनं बोलावलं म्हणले. पिशवी सोताच्या हातानं धुतली." रोजचं एसटीचं भाडंही तो घरूनच खर्चत होता. मी ते कधी विचारलं नव्हतं. त्याच्या मजुरीचे पैसे वाचले, बिगारीचे वाचले, खिडकी-दाराचे वाचले, असं मी शेजारणींना हौसेनं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी ईटला गेले. दादा दारात बसला होता. त्याच्या स्वतःच्या घराच्या विटा उघड्याच आहेत, गिलावा करायचा राहिला तो राहिलाच. मी पायातली चप्पल काढली तोवर म्हणाला, "ये. चालीवरनं वळखलं."

मी त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "दादा, त्या शिबिराला तुला मी नेलं असतं तर..."

"कशाला उकरतीस?"

"तू विचारलं होतंस मला."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "डाक्टरनं काम बंद कर म्हणलं असतं, तर तू मला थापी धरू दिली असतीस का? मला बी ती नहाणी पुरी करायची हुती. लई दिसांनी कुणीतरी कामाला बोलावलं हुतं."

"मी तुला काय बोलले, दादा."

"बोललीस. भैन हायेस." आणि मग, हळूच, "पाणी जातंय का आता?"

मी म्हणाले, "जातंय. जाळीत सिमेंट अडकलं होतं, तेवढंच काढलं. फरशी तुझीच आहे."

"आसं व्हय?" तो म्हणाला. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. त्यानं तीस वर्षं फरश्या बसवल्या होत्या. ढाळ उलटा असला की जाळी साफ करून पाणी जात नाही, हे त्याला कळत नसेल असं नाही. 

नंतर मी त्याला बार्शीला नेलं, सोलापूरला नेलं, आणखी एका डॉक्टरांना दाखवलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. थेंब रोज घालायचे, म्हणजे आहे तेवढं टिकेल. सोलापूरच्या डॉक्टरांना मी दादा बाहेर बसलेला असताना विचारलं, "दोन महिने आधी आणलं असतं तर?" ते भले माणूस होते, त्यांनी थोडा वेळ कागद चाळले. म्हणाले, "थोडं वाचलं असतं. किती ते नाही सांगता येणार." मी तो 'किती' घेऊन एसटीत बसले. दादा खिडकीशी बसला होता. बाहेर बघत होता, निदान तोंड तिकडं होतं. बार्शी आलं का, भूम आलं का, असं विचारत होता, आणि मी सांगत होते.

स्वयंपाकघरातली तिरकी रांग मी काढू दिली नाही. हे म्हणाले, एवढी काढून टाकू, आता कशाला ठेवायची. मी नाही म्हणाले, आणि माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण ती ठेवली म्हणून काही भरून निघालं असं मला वाटत नाही. सकाळी चहा करताना पाय तिच्यावर पडतो आणि दिवस तिथून सुरू होतो.

मी आता दर पंधरवड्याला थेंबांच्या बाटल्या घेऊन ईटला जाते. एरवी थेंब वहिनी घालते, मी जाते तेव्हा ती कामावर गेलेली असते. मी दादाचं डोकं मागं करते, पापणी धरते, थेंब टाकते. तो डोळे मिटून पडून राहतो. कधी आईची एखादी गोष्ट सांगतो, पण आता त्या गोष्टी मला पुरत्या ऐकवत नाहीत. मध्येच उठून मी पाणी प्यायला जाते.

यंदा भाऊबीजेला तो भूमला आला नाही, मीच गेले. दिवे लागायच्या वेळी वहिनीनं पाट मांडला. दादा धुतलेला सदरा घालून बसला, टोपी नीट केली. मी तबकात निरांजन लावलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं उजेडाच्या अंदाजानं मान वर केली, पण चेहरा निरांजनाच्या डावीकडं राहिला. त्याला वाटत होतं मी तिथं आहे. मी एक पाऊल डावीकडं सरकले, त्याच्या चेहऱ्यासमोर तबक आणलं आणि तिथून त्याला ओवाळलं.